जुन्नरचें जवाहीर व हिऱ्याचा वर्ण

शिवाजी महाराजांनीं सन १६५७ मध्यें मोंगलांकडील जुन्नर शहर मारिलें, त्या लुटींत होन व घोडे यांबरोबर जडजवाहीरहि मिळाल्याचें सभासद लिहितो. त्याची बखर प्रसंगानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं लिहिलेली. तेव्हां तिचे आंकडे जपूनच घ्यावयाचे. पण आमचें म्हणणें निराळें आहे. ‘जडजवाहीर’ या एका शब्दाची आजच्या भावानें किंमत मांडण्याचा मोह होण्यासारखा आहे. त्यांत हिरे असल्यास ते कोणत्या रंगाचे, हें कळल्याशिवाय तें गणित उभेंच राहत नाहीं.

जुन्नर-आंबेगांवचा मुलूख काळ्या पाषाणाचा. त्या पाषाणाच्या पोकळ्यांत स्फटिकाचे चकचकीत खडे सांपडतात. हिरा मात्र त्यांत होत नाहीं. म्हणजे जुन्नरच्या पेठेंत हिरा आला असेल तो बाहेरून, बहुधा गोवळकोंड्याकडून. स्फटिक हिरा म्हणून खपविण्याची लबाडीहि जुनीच. गरुडपुराणानें नकली हिऱ्याच्या द्रव्यांत स्फटिक व कांच सांगून क्षार, ओरखडा व शाण या परीक्षा दिल्या आहेत.

रंगाविषयीं वराहमिहिर सांगतो कीं, ब्राह्मणास पांढरा, क्षत्रियास तांबडा व पिवळा, वैश्यास शिरीषाच्या फुलासारखा आणि शूद्रास तरवारीच्या पात्यासारखा हिरा शुभ. गरुडपुराण याहून पुढें जातें: जास्वंदीसारखा किंवा पोंवळ्यासारखा तांबडा आणि हळदीच्या रसासारखा पिवळा हे दोन वर्ण केवळ राजांचे, इतर जनांचे नव्हत. ही प्रतवारी रंगाची खरी, पण मोजमाप धारण करणाराच्या दर्जाचें!

आज जगभर चालणारी प्रत अमेरिकेंतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटनें १९५० नंतरच्या दशकांत बसविली. जुन्या व्यापारी प्रतींत ए, बी, सी हीं अक्षरें वाटेल तशीं वापरलीं गेल्यामुळें तिनें आरंभ ‘डी’पासून केला. ‘डी’ म्हणजे निव्वळ वर्णहीन, ‘झेड’ म्हणजे फिकट पिवळा. खडा पालथा ठेवून, ठराविक प्रकाशांत, नमुन्याच्या खड्यांशीं ताडून पाहतात. पिवळेपणा येतो तो बहुधा खड्यांतील नायट्रोजनामुळें, आणि त्या छटेसरशीं भाव उतरतो. मौज ही कीं, पिवळा रंग ‘झेड’च्याहि पलीकडे गडद झाला कीं भाव पुन्हा चढतो. पुराणांतील हळदीचा हिरा येथें पुन्हा राजमान्य होतो.

जुन्नर किंवा घोडेगांवकडील एखाद्या दप्तरांत जवाहिराची याद निघाल्यास तींतील रंग, वजन व त्या वेळची किंमत जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, आणि ‘पिवळा’ असा शब्द दिसला एवढ्यावरून खडा हिणकस ठरवूं नये, अशी आमची वाचकांस विनंती आहे.