बुद्धिबळाची इंजिने आणि माणसाचा खेळ

बुद्धिबळाचे इंजिन म्हणजे पटावरची स्थिती वाचून पुढची चाल ठरवणारी संगणक-प्रणाली. दोन्ही बाजूंच्या शक्य चाली एकामागून एक करून पाहायच्या, प्रत्येक मार्गाच्या शेवटी उभ्या राहणाऱ्या स्थितीला आकड्यात किंमत द्यायची आणि प्रतिस्पर्धी आपली सर्वोत्तम चाल खेळणार असे धरून सर्वांत लाभाचा मार्ग निवडायचा, ही तिची रीत. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन याने १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात हा आराखडा मांडला. प्याद्याला एक, घोड्याला आणि उंटाला तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ असे मोल त्याने धरले. मोहऱ्यांना हलायला किती वाव आहे, प्यादी एकामागे एक अडकली आहेत की एकटी पडली आहेत, याचेही थोडेथोडे गुण त्यात मिळवले. हे सगळे ज्ञान माणसांच्या पाठ्यपुस्तकांतून उचललेले होते. यंत्राने माणसाकडून घेतलेले हे ज्ञान पुढे उलट दिशेने कसे वाहू लागले, हा या विषयाचा खरा इतिहास आहे. विश्वविजेत्याचा पराभव हा त्यातला एक टप्पा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा म्हणता येणार नाही.

सुरुवात अगदी साधी होती. ॲलन ट्युरिंगने बुद्धिबळाची प्रणाली लिहिली तेव्हा ती चालवू शकेल असे यंत्रच हाताशी नव्हते. १९५२ मध्ये त्याने कागदावर आकडेमोड करत, स्वतःच यंत्राच्या जागी बसून ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याशी डाव खेळला. एकेका चालीला अर्धा अर्धा तास लागला आणि २९ चालींत प्रणाली हरली. १९६७ मध्ये एमआयटीतल्या रिचर्ड ग्रीनब्लाटची ‘मॅक हॅक’ ही प्रणाली माणसांच्या स्पर्धेत उतरली. स्कॉटलंडचा खेळाडू डेव्हिड लेव्ही याने १९६८ मध्ये पैज लावली की दहा वर्षांत कोणताही संगणक आपल्याला सामन्यात हरवू शकणार नाही. १९७८ मध्ये टोरँटोत ‘चेस ४.७’ या प्रणालीला साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी हरवून त्याने ती जिंकली. पण त्यातला एक डाव तो हरला होता. लेव्हीची पद्धत पुढे अनेकांनी उचलली: पट बंदिस्त ठेवायचा, मारामारी टाळायची आणि दूरवरचा बेत नसलेल्या यंत्राला स्वतःहून चुकू द्यायचे. यंत्रामुळे माणसाच्या खेळण्यात पडलेला हा पहिला फरक, तोही फक्त यंत्राशी खेळतानाचा.

माणसांच्या आपसातल्या बुद्धिबळाला पहिला धक्का बसला तो डावाच्या अखेरीत, आणि तो बसला सामना न होता. बेल लॅबमधील केन थॉम्पसन याने पटावर मोजकीच मोहरी उरलेल्या स्थितींचे उलटे गणित केले. मात झालेल्या स्थितीपासून एकेक चाल मागे जात प्रत्येक स्थितीचा अंतिम निकाल आणि त्याला लागणाऱ्या चाली साठवून ठेवायच्या, अशी ही पद्धत; तिच्यातून तयार झालेल्या संग्रहाला टेबलबेस म्हणतात. येथे अंदाजाला जागाच नाही. राजा-वजीर विरुद्ध राजा-हत्ती ही अखेर वजिराच्या बाजूने सहज जिंकता येते, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जात होते. १९७७ मध्ये थॉम्पसनने हत्तीची बाजू यंत्राला देऊन अमेरिकेचा विजेता, ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊन याला आव्हान दिले. प्यादे न हलता आणि मोहरे न मारले जाता ५० चाली झाल्या की डाव बरोबरीत सुटू शकतो, म्हणून ५० चालींची मर्यादा होती. निर्दोष खेळाने ३१ चालींत जिंकता येणारी स्थिती ब्राऊनला ५० चालींत जिंकता आली नाही.

त्या डावात नेमके काय घडले, हे जवळून पाहण्यासारखे आहे. हत्ती राजाला चिकटून ठेवायचा, म्हणजे वजिराला दुहेरी हल्ला करून तो टिपता येणार नाही, ही पुस्तकी शिकवण. यंत्र हत्तीला बिनदिक्कत राजापासून दूर नेई. दिसायला ती घोडचूक. पण त्याच ठिकाणी तो वजिराच्या तडाख्यातून सुटलेला असे. ब्राऊन हार मानून बसला नाही. काही आठवडे त्याने या अखेरीचा अभ्यास केला, पुन्हा तसाच डाव खेळला आणि नेमक्या पन्नासाव्या चालीला हत्ती मारून जिंकला. दोन उंट विरुद्ध एक घोडा या अखेरीबद्दल तर शतकाहून जुना समज मोडला. योग्य बचाव केला तर ती बरोबरीत सुटते असे मानले जाई. १९८० च्या दशकात थॉम्पसनच्या गणिताने ती सर्वसाधारणपणे जिंकता येते, फक्त त्यासाठी काही वेळा ६६ चालींपर्यंत झगडावे लागते, असे दाखवले. आंतरराष्ट्रीय महासंघाने काही अखेरींपुरती ५० चालींची मर्यादा वाढवली आणि पुढे ती पुन्हा सरसकट ५० वर आणली. आज राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थितींचा निकाल ठाऊक आहे.

यंत्रांमुळे एक जुनी प्रथाच मोडीत निघाली. चाळीसेक चाली झाल्यावर न संपलेला डाव दुसऱ्या दिवसावर ढकलण्याची रीत होती. ज्याची पाळी असेल तो आपली चाल लिहून पाकिटात बंद करी आणि दोन्ही खेळाडू आपापल्या सहायकांसह रात्रभर विश्लेषण करत. १९७२ च्या रेक्याविकमधील विश्वविजेतेपदाच्या फिशर-स्पास्की सामन्याचा शेवटचा डावही असाच तहकूब झाला होता आणि दुसऱ्या दिवशी स्पास्कीने दूरध्वनीवरून हार कळवली. रात्री इंजिनाला विचारता येऊ लागल्यावर या रीतीला अर्थ उरला नाही. १९९० च्या दशकात ती जवळजवळ नाहीशी झाली. एका बैठकीत डाव संपवायचा तर वेळ कमी करणे भाग होते, त्यामुळे पाचव्या-सहाव्या तासातली दमछाक आणि घड्याळाची घाई आजच्या डावाचा भाग झाली. डावाच्या अखेरीचा शांतपणे केलेला सखोल अभ्यास पटावर दिसणे त्याबरोबर कमी झाले, ही हानी मान्य करायला हवी.

घरगुती संगणकावर चालणारी ‘फ्रिट्झ’सारखी इंजिने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली. १९९४ मध्ये ‘चेस जिनियस’ या प्रणालीने लंडनच्या जलद स्पर्धेत विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवले, तेव्हा ती एका साध्या पेंटियम चिपवर चालत होती. संथ खेळातला निकाल लागायला अजून थोडा अवकाश होता. आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात कास्पारोव्हविरुद्धचा पहिला डाव जिंकला, पण सामना कास्पारोव्हने ४-२ असा घेतला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या सामन्यात सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासणारे सुधारित यंत्र साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जिंकले.

त्या सामन्यातला दुसरा डाव सर्वांत बोलका ठरला. प्यादी खाण्याची संधी सोडून यंत्राने उंट इ-४ या घरात शांतपणे आणून ठेवला आणि कास्पारोव्हची प्रतिहल्ल्याची वाट बंद केली. अशी चाल मोठ्या खेळाडूकडूनच अपेक्षित असे. कास्पारोव्ह इतका हादरला की त्याने डाव सोडून दिला; सततच्या शहांनी बरोबरी साधण्याचा मार्ग अंतिम स्थितीत शिल्लक होता, हे त्याला नंतर कळले. यंत्राने सर्व काही पाहिलेले असणार या गृहीतकाने त्याला पटावर शोधण्यापासून थांबवले. नऊ वर्षांनी, २००६ मध्ये बॉन येथे तेव्हाचा विश्वविजेता व्लादिमिर क्रामनिक ‘डीप फ्रिट्झ’विरुद्ध एका चालीतली मात पाहायला चुकला आणि सामना २-४ असा हरला. अशा प्रदर्शनी लढतींतले कुतूहल त्यानंतर संपले.

माणसाच्या खेळावरचा खरा परिणाम मात्र घरच्या तयारीतून झाला. पूर्वी एखादी नवी चाल शोधणे आणि ती खरी ठरणे यांच्यामध्ये मोठी अनिश्चितता असे. मिखाइल तालसारख्या खेळाडूचे बळी, म्हणजे हल्ल्यासाठी मुद्दाम दिलेली मोहरी, अनेकदा सिद्ध करता येत नसत. प्रतिस्पर्ध्याला पटावर उत्तर सापडत नाही, हेच त्यांचे समर्थन. इंजिनाने ही धूसर जागा उजेडात आणली. कितीतरी जुने बळी फसवे निघाले, तर अनेक कुरूप वाटणाऱ्या चाली पूर्ण निर्दोष ठरल्या. राजा पटाच्या मध्यात ठेवून प्यादे खाणे आणि मग एकेक नेमकी चाल करून तगून राहणे, हे पूर्वी धाडस समजले जाई; आता ते हिशेबाचे काम झाले. बचावाची पातळी याच काळात सर्वांत जास्त उंचावली. हरल्यासारख्या दिसणाऱ्या स्थितीतही काहीतरी मिळते, हे इंजिनासमोर बसून शेकडो वेळा पाहिलेला खेळाडू सहज हार मानत नाही.

२००८ मध्ये बॉन येथे विश्वविजेतेपद राखताना विश्वनाथन आनंदने क्रामनिकविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी तिसरा आणि पाचवा डाव जिंकला, दोन्ही एकाच धारदार ओपनिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या चालींच्या एकाच रचनेत. चार सहायकांनी आणि त्यांच्या संगणकांनी ती रचना महिनोन्‌महिने खोदली होती. यंत्र आकडा दाखवते, पण कोणत्या स्थितीत प्रतिस्पर्धी अस्वस्थ होईल हे माणसालाच ठरवावे लागते. संथ आणि कोरड्या स्थितींत रमणाऱ्या क्रामनिकला गोंधळाच्या स्थितीत ओढायचा निर्णय हा आनंदच्या चमूचा होता. तयारीचे असेच फळ नाशिकच्या विदित गुजराथीने एप्रिल २०२४ मध्ये टोरँटोच्या कँडिडेट्स या विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत मिळवले. दुसऱ्या फेरीत हिकारू नाकामुराविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने एच-३ वरच्या प्याद्यावर उंटाचा बळी दिला. पटासमोर बसून अशा बळीचा पुरता हिशेब करणे फार कठीण. घरी तपासून आलेल्याला तो आत्मविश्वासाने खेळता येतो आणि समोरच्याचे घड्याळ मात्र पळत राहते.

या तयारीची दुसरी बाजूही आहे. दोघेही तितकेच सज्ज असले की धार बोथट होते. २०१८ मध्ये लंडनला मॅग्नस कार्लसन आणि फॅबियानो कारुआना यांच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातले बाराच्या बारा संथ डाव बरोबरीत सुटले. निकाल जलद डावांवर लागला. कार्लसनने स्वतः अनेकदा वेगळा मार्ग पत्करला आहे. इंजिनाच्या दृष्टीने किंचित दुय्यम, पण कमी अभ्यासलेली ओपनिंग निवडायची आणि खरा डाव विसाव्या चालीनंतर सुरू करायचा. आजच्या खेळाडूंपैकी पुष्कळजण इंजिनाची पहिली पसंती मुद्दाम टाळतात, कारण ती समोरच्यालाही पाठ असते.

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंड या कंपनीच्या ‘अल्फाझिरो’ने चित्र पालटले. या प्रणालीला मोहऱ्यांचे मोल किंवा ओपनिंगचे पुस्तक दिलेले नव्हते. फक्त नियम सांगून तिला स्वतःशीच लाखो डाव खेळायला लावले आणि तिच्या न्यूरल नेटवर्कने स्थितीची पारख त्यातून शिकली. त्या काळच्या प्रबळ ‘स्टॉकफिश ८’ इंजिनाविरुद्ध तिने १०० डावांत २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले आणि एकही हरली नाही. स्टॉकफिश सेकंदाला सुमारे सात कोटी स्थिती पाहत होते, अल्फाझिरो सुमारे ८० हजार. स्टॉकफिशला दिलेल्या यंत्रसामग्रीवर आणि वेळेच्या अटींवर तेव्हा रास्त आक्षेप घेतले गेले, पण डावांची शैली आक्षेपांपलीकडची होती. प्यादी देऊन मोहऱ्यांना वाट करून देणे, मारामारीचे फळ वीस चालींनंतर घेणे, असे ते डाव. त्यांत कडेचे, म्हणजे एच पट्टीवरचे प्यादे पुढे पुढे सरकवत प्रतिस्पर्ध्याच्या किल्लेकोट केलेल्या, म्हणजे हत्तीसह एकाच चालीत कडेला आडोशाला नेलेल्या, राजाशेजारी नेऊन ठेवण्याची कल्पना वारंवार दिसली. ते प्यादे एच-६ वर पोहोचले की राजाभोवतीची घरे कायमची कमकुवत होतात आणि अखेरीतही राजावर मात होण्याची टांगती भीती राहते. २०१९ मध्ये कार्लसनच्या खेळात ही कल्पना ठळकपणे आली आणि अल्फाझिरोचा प्रभाव त्याने उघडपणे मान्य केला. आज शाळकरी मुलेही पंधराव्या चालीच्या आत ते प्यादे पुढे ढकलताना दिसतात. तीसेक वर्षांपूर्वी प्रशिक्षकांनी त्याबद्दल कान पिळला असता. पुढे स्टॉकफिशनेही सप्टेंबर २०२० मध्ये छोटे न्यूरल नेटवर्क स्वीकारले. जपानी शोगी खेळासाठी यू नासू याने ते तंत्र आधी विकसित केले होते. जुना हिशेब आणि नवी पारख तेव्हापासून एकाच इंजिनात नांदतात, आणि ते कोणालाही मोफत मिळते.

एवढे सामर्थ्य खिशात मावू लागल्यावर स्पर्धांना बंदोबस्त करावा लागला. २००९ मध्ये ब्युनोस आयर्स येथे ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ने एका मोबाइल फोनवर चालत दहापैकी साडेनऊ गुण मिळवले होते. त्यामुळे मोठ्या स्पर्धांत खेळाडूंची धातुशोधक यंत्राने तपासणी होते, फोन बाहेर ठेवावा लागतो आणि काही ठिकाणी थेट प्रक्षेपण काही मिनिटे उशिरा दाखवले जाते. ऑनलाइन खेळात चालींची इंजिनाशी तुलना करून संशयित शोधले जातात. बलाढ्य खेळाडूला अख्खा डाव सांगावा लागत नाही. निर्णायक क्षणी ‘येथे काहीतरी आहे’ एवढा इशारा पुरतो, आणि म्हणूनच हे काम अवघड आहे.

शिकवण्यातही मतभेद आहेत. चाल पाहिल्याबरोबर आकडा पाहण्याची सवय लागली तर मूल स्वतः शोधायचे सोडते, असे अनेक प्रशिक्षक सांगतात. २०२४ मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून विश्वविजेता झालेल्या डी. गुकेशला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी गुणांकन अडीच हजाराच्या आसपास जाईपर्यंत इंजिनापासून दूर ठेवले होते. तयारीचे ओझे टाळण्याचा आणखी एक मार्ग बॉबी फिशरने १९९६ मध्येच सुचवला होता: मागच्या ओळीतली मोहरी ९६० पैकी कोणत्याही एका क्रमाने चिठ्ठी टाकून मांडायची. महासंघाने २०१९ मध्ये या प्रकाराची पहिली अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा घेतली आणि अंतिम फेरीत कार्लसनला हरवून वेस्ली सो विजेता ठरला. क्रामनिकने किल्लेकोट वगळलेल्या बुद्धिबळाचा पुरस्कार केला. तो प्रकार खेळण्याजोगा आहे की नाही, हे त्याने डीपमाइंडच्या संशोधकांबरोबर अल्फाझिरोलाच स्वतःशी खेळायला लावून तपासले.