गोधडीची दुसरी बाजू

कोणत्याही वस्त्रास सुलट आणि उलट अशा दोन बाजू असतात, आणि वस्त्रांविषयी लिहिणाऱ्यांची दृष्टी सहसा सुलट बाजूवरच खिळलेली असते. पैठणीचा पदर, हिमरूची नक्षी, शालीवरील वेलबुट्टी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. गोधडीपाशी मात्र ही दृष्टी अपुरी पडते. कारण चांगल्या गोधडीला उलट बाजू नसतेच. ती कोणत्याही अंगाने पांघरावी. वरचा थर जसा तुकडे जोडून सिद्ध होतो, तसाच खालचाही. तथापि हे दोन थर एकाच हेतूने घडलेले नसतात. वरच्या थरात करणारणीची आवड दिसते, खालच्यात घराचा हिशेब. गोधडीचा इतिहास या दुसऱ्या बाजूवरून वाचावा, असे आम्हास वाटते.

जुन्या कापडाच्या थरांचा हिशेब आपल्या देशात फार प्राचीन काळी झालेला आहे. पाली विनयपिटकातील महावग्गात चीवरांविषयी स्वतंत्र खंड आहे. त्यात असे सांगितले आहे की, ऐन हिवाळ्यात हिम पडत असता बुद्धांनी वैशालीच्या गोतमक चैत्यापाशी एक रात्र उघड्यावर घालविली. प्रारंभी एक चीवर पुरले. पुढे रात्रीचा एकेक याम सरला, तशी थंडी वाजू लागली व एकेक चीवर वाढवावे लागले. चौथ्याने रात्र निभावली. त्यावरून भिक्षूंस तीन वस्त्रांची मर्यादा घालून देण्यात आली आणि त्यांपैकी संघाटी दुहेरी असावी, असे ठरले. म्हणजे पदर चारच झाले. कापड जीर्ण असेल, तर संघाटी चौपदरी करण्याचीही मुभा होती. मगधातील बांधांनी विभागलेली शेते पाहून आनंदाने चीवराचे तुकडे बेतले, ही कथाही त्याच खंडातली. नियम संन्याशांचा खरा, पण त्यामागील बुद्धी गृहिणीची आहे: कापडाची झीज पदर वाढवून भरून काढावयाची.

पुढे संस्कृतात ‘कंथा’ हा शब्द रूढ झालेला दिसतो. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शतखंड कंथा विरक्ताच्या अंगावर आहे. बंगालची कांथा याच नावाची वारसदार. तिच्या ‘दोरुखा’ प्रकारात टाका असा घालतात की नक्षी दोन्ही बाजूंस सारखीच दिसावी. आपल्याकडे दोन्ही बाजू साधतात त्या नक्षीदार टाक्याने नव्हे, तुकड्यांच्या जोडणीने. आणि या वस्त्राचा मान महाराष्ट्रास ठाऊक नाही, असे कोण म्हणेल? जनाबाईकडे दळावयास आलेला विठ्ठल पहाटे घाईघाईने आपला शेला विसरून तिची वाकळ पांघरून देवळात गेला, ही आख्यायिका घरोघरी सांगितली जाते.

आता ही दुसरी बाजू कशी घडते ते पाहू. लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. बसण्याउठण्याचा ताण जेथे पडतो, तेथे ते आधी जाते. काठ व पदर टिकून राहतात. विरलेला भाग कापून, दंड घालून ते आणखी काही काळ नेसतात, आणि मग ते गोधडीच्या वाट्यास येते. खणांचे व काठांचे ठसठशीत तुकडे वर जातात. खाली धोतराचे पाट, परकराचा घेर, उशीचे अभ्रे. एका पन्ह्यात गोधडीची रुंदी भागत नाही, म्हणून जोड अटळ असतो.

हा जोड कोठे पाडावा, यातच कसब आहे. वरची शिवण व खालची शिवण एकावर एक आली, तर तेथे कापडाचा गठ्ठा होतो, सुई अडते आणि दोरा तुटतो. म्हणून जाणती बाई खालचे तुकडे मोठे घेते व त्यांचे जोड वरच्या जोडांपासून दूर ठेवते. शिवणीची माया दोहीकडे उलगडून दाबून बसविते. उभे सूत उभ्यास मिळविते. तिरका तुकडा ताणला जाऊन धुतल्यावर झोळ धरतो. खालचा थर चहूबाजूंनी दोन बोटे मोठा ठेवावा लागतो, कारण शिवताना कापड आत ओढले जाते. मग सारे पदर पसरून कच्चे टाचतात, आणि धावदोरा कडेपासून चौकोनात चौकोन घेत मध्यावर येतो. टाका दोन्हीकडे दिसणार, म्हणून गाठ पदरांच्या आत दडवावी लागते.

इतरत्र या दुसऱ्या बाजूची रीत निराळी आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया आपली कवंडी बहुधा एका जुन्या साडीच्या पायावर करतात. तुकडे तिच्यावर कडेकडून आत लावीत नेतात. अमेरिकेत १९२९ नंतरच्या मंदीत शेतकऱ्यांच्या बायकांनी पिठाच्या व पशुखाद्याच्या रिकाम्या पिशव्या उसवून, धुऊन रजयांच्या पाठीस लावल्या. तेथेही वरची बाजू हौस सांगते आणि खालची त्या वर्षांची ओढगस्त.

आपल्याकडे १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला, आणि कालांतराने गिरणीचे कापड खेड्यापाड्यांत पोहोचले. तरी १९४३ साली, महायुद्धाच्या टंचाईत, सुती कापड व सूत यांवर सरकारी नियंत्रणाचा हुकूम निघाला, आणि फाटक्या धोतरालाही पुन्हा मोल आले.

आज गोधड्या प्रदर्शनांत मांडल्या जातात, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु भिंतीवर टांगलेल्या गोधडीची एक बाजू भिंतीकडे जाते, आणि ती नेमकी हिशेबाची असते. छायाचित्र घेणाऱ्यांनी व नोंद करणाऱ्यांनी ती उलटून पाहावी. कोणते कापड किती पुरविले आणि कोठे जोडले, हे ज्या बायांनी कधी कागदावर लिहिले नाही, त्यांनी ते तेथे शिवून ठेवले आहे.