प्रयत्न का सोडले जातात? ‘अर्जित असहायते’च्या संशोधनाची सहा दशके

नवी दिल्ली : परीक्षेत दोनदा अपयश आलेला विद्यार्थी तिसऱ्या वेळी प्रश्नपत्रिका नीट न वाचताच पेन खाली ठेवतो. पथ्य पाळूनही रक्तातील साखर उतरत नाही म्हणून मधुमेहाचा एखादा रुग्ण औषधेच बंद करतो. अशा वागण्याला व्यवहारात आळस, बेफिकिरी किंवा जिद्दीचा अभाव म्हटले जाते. मानसशास्त्रात मात्र त्यासाठी ‘लर्न्ड हेल्पलेसनेस’, म्हणजेच अर्जित असहायता, ही संकल्पना वापरली जाते. आपण काहीही केले तरी परिणाम बदलत नाही, असा अनुभव वारंवार आला की परिस्थिती बदलल्यानंतरही प्राणी किंवा माणूस हालचाल करीत नाही, असा तिचा आशय आहे. शिक्षण, आरोग्य आणि व्यक्तिमत्त्व विकास या तिन्ही क्षेत्रांवर तिचा प्रभाव पडला. ती मांडणाऱ्या शास्त्रज्ञांनीच सुमारे ५० वर्षांनी तिचा मूळ अर्थ उलटा केला, ही बाब मात्र फारशी चर्चेत आलेली नाही.

या संशोधनाचा उगम अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. १९६०च्या दशकाच्या मध्यास तेथे मार्टिन सेलिग्मन, स्टीव्हन मायर आणि ब्रूस ओव्हरमायर हे तरुण संशोधक कुत्र्यांमधील भीतीच्या अध्ययनाचा अभ्यास करीत होते. आधी टाळता न येणारे विजेचे धक्के अनुभवलेले कुत्रे नंतर सहज पळून जाता येईल अशा पेटीत ठेवले तरी पळत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. इतरांना हा प्रयोगातील व्यत्यय वाटला असता. या संशोधकांनी त्यालाच अभ्यासाचा विषय केले.

सेलिग्मन आणि मायर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ कुत्र्यांचे प्रत्येकी आठ असे तीन गट होते. पहिल्या गटातील कुत्र्याला डोक्याने बाजूची पट्टी दाबून धक्का थांबवता येत असे. दुसऱ्या गटातील कुत्र्याला तेवढेच आणि तेवढाच वेळ धक्के बसत. परंतु त्याने पट्टी दाबली तरी काहीही होत नसे. तिसऱ्या गटाला या टप्प्यावर धक्केच दिले गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रत्येक कुत्र्याला दोन कप्प्यांच्या पेटीत ठेवण्यात आले. मधला अडसर ओलांडला की धक्क्यापासून सुटका होती. पहिल्या आणि तिसऱ्या गटातील कुत्रे हे लवकर शिकले. दुसऱ्या गटातील आठपैकी सहा कुत्रे मात्र दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक वेळा सुटका करून घेऊ शकले नाहीत.

पहिल्या दोन्ही गटांच्या वाट्याला आलेली वेदना सारखीच होती. फरक एवढाच होता की एका गटाच्या हाती ती थांबवण्याचे साधन होते आणि दुसऱ्याच्या हाती नव्हते. खच्चीकरण त्रासामुळे होते, की त्रासावर ताबा नसल्यामुळे, या प्रश्नाची उकल या रचनेमुळे शक्य झाली. प्राण्यांना दिलेल्या या वेदनेचे समर्थन आजच्या निकषांवर करणे अवघड आहे, हेही नोंदवले पाहिजे.

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, अशा कुत्र्यांना पूर्वपदावर आणण्याचे प्रयत्न झाले. अडसर काढून टाकला, पलीकडून हाका मारल्या, खाद्याचे आमिष दाखवले, तरी उपयोग झाला नाही. अखेर गळ्यात दोरी बांधून त्यांना पुन्हा पुन्हा पलीकडच्या कप्प्यात ओढून नेण्यात आले. हालचाल केली की धक्का थांबतो, हे प्रत्यक्ष घडल्यावरच ते आपणहून पलीकडे जाऊ लागले. पुढील सगळ्या उपचारांचे बीज या निरीक्षणात दिसते.

माणसांवरील प्रयोग अर्थातच सौम्य होते. डोनाल्ड हिरोटो यांनी १९७४ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कर्कश आवाज ऐकवला. काहींना बटण दाबून तो थांबवता येत होता, काहींना नाही. ज्यांना तो थांबवता आला नव्हता, त्यांच्यापैकी अनेक जण नंतरच्या सोप्या कामातही, जिथे केवळ हात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचा होता, आवाज सहन करीत बसून राहिले. मात्र सर्वच नव्हेत. काही जण का खचले नाहीत, या प्रश्नाचे उत्तर लिन अॅब्रॅमसन, सेलिग्मन आणि जॉन टीसडेल यांनी १९७८ मध्ये दिले. अपयशाचे कारण माणूस स्वतःमध्ये शोधतो की बाहेर, ते कायमचे मानतो की तात्पुरते आणि आयुष्याच्या एका कोपऱ्यापुरते की सर्वव्यापी, यावर त्याची पुढील वाटचाल अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. ‘मला गणित येत नाही’ आणि ‘या धड्याचा सराव कमी पडला’ ही दोन विधाने एकाच गुणपत्रिकेवरून निघू शकतात.

शिक्षणक्षेत्रात ही कल्पना कॅरल ड्वेक यांनी नेली. अपयश येताच गळून जाणाऱ्या १२ मुलांवरील त्यांचा प्रयोग १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना जमतील अशीच गणिते दिली गेली. उरलेल्यांना अधूनमधून अपयश येऊ दिले आणि प्रयत्न कमी पडल्याने ते आले, हे सांगितले गेले. नंतर अवघड गणिते समोर आल्यावर केवळ यशाची सवय लागलेली मुले पूर्वीसारखीच ढेपाळली. दुसऱ्या गटातील मुले टिकून राहिली. मुलाला सतत सोपे देऊन आत्मविश्वास वाढवता येतो, या रूढ समजुतीला तो धक्का होता.

ड्वेक यांचे ‘माइंडसेट’ हे पुस्तक २००६ मध्ये आले आणि बुद्धी वाढवता येते या विचाराची भित्तिपत्रके जगभरातील शाळांच्या भिंतींवर लागली. पुरावा मात्र भित्तिपत्रकांइतका ठळक नाही. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये झाले, तेव्हा अशा उपक्रमांचा सरासरी परिणाम अत्यल्प आढळला. अमेरिकेतील नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवरील राष्ट्रीय अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन उपक्रमाने मागे पडलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी श्रेणी चारच्या मापावर ०.१ने सुधारली. उपक्रमाचा खर्च पाहता हे यश नगण्य नाही. परंतु वर्गातील वातावरण आव्हान स्वीकारण्यास पोषक असेल तेथेच परिणाम अधिक दिसला. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्यासपीठांवरून हा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही.

आरोग्याच्या बाबतीत एक प्रयोग नेहमी उद्धृत होतो. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील एका वृद्धाश्रमातील काही रहिवाशांना छोटे निर्णय स्वतः घेऊ दिले आणि एकेक रोपटे सांभाळायला दिले. दुसऱ्या गटाची रोपटी कर्मचारी सांभाळत. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण निम्मे, १५ टक्के विरुद्ध ३० टक्के, असल्याचे जाहीर झाले. नंतर संशोधकांनीच सांख्यिकीय चूक मान्य करून दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर हा फरक जेमतेम लक्षणीय ठरतो. अधिक भक्कम पुरावा ब्रिटनमधून येतो. लंडनमधील १० हजार ३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल-२’ हा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला. कामावर स्वतःचे नियंत्रण कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे त्यात १९९७ मध्ये दिसून आले.

संकल्पनेला कलाटणी मिळाली ती २०१६ मध्ये. दरम्यानच्या काळात मायर मेंदूविज्ञानाकडे वळले होते. उंदरांच्या मेंदूवरील अनेक वर्षांच्या कामानंतर त्यांनी आणि सेलिग्मन यांनी जाहीर केले की मूळ सिद्धांताची दिशा चुकली होती. दीर्घकाळ त्रास झाल्यावर निष्क्रिय होणे ही शिकलेली गोष्ट नाही. ती मेंदूच्या मुळाशी असलेल्या सेरोटोनिन पेशींच्या समूहाची उपजत प्रतिक्रिया आहे. शिकले जाते ते नियंत्रण. आपल्या कृतीने परिणाम बदलतो हे अनुभवाला आले की मेंदूचा पुढचा भाग ते टिपतो आणि त्या उपजत प्रतिक्रियेला लगाम घालतो. हा अनुभव पुढील संकटातही उपयोगी पडतो. दुसऱ्या शब्दांत, खचलेल्या माणसाने काही चुकीचे शिकलेले नसते. त्याला हाती सूत्र असल्याचा अनुभव पुरेसा मिळालेला नसतो.

भारतात या प्रश्नाला सामाजिक बाजू आहे. अर्थतज्ज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात तथाकथित उच्च आणि निम्न जातींतील प्रत्येकी ३२१ शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायला दिले. प्रत्येक उत्तरामागे पैसे होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर जात उच्चारली गेली तेव्हा मोठी दरी पडली. बक्षिसाच्या निश्चितीत चिठ्ठी काढण्याचा भाग आणला, म्हणजे माणसाच्या मर्जीचा वाटा कमी केला, तेव्हा ती दरी नाहीशी झाली. आपल्या श्रमाचे चीज होणार नाही, अशी अपेक्षा या मुलांच्या मनात जागी झाली असावी, असा संशोधकांचा २००४ मधील निष्कर्ष होता. त्यांना सकारात्मक विचार शिकवून हा प्रश्न सुटला नसता, हे उघड आहे. न्याय्य बक्षिसाची खात्री वाटताच त्यांचे हात पूर्वीसारखे चालू लागले.

उपचाराच्या दिशेने महत्त्वाचे काम गोव्यात झाले. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली ‘संगथ’ या संस्थेने राज्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्राम’ची चाचणी घेतली. समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते होते. सहा ते आठ बैठकांत रुग्णाच्या विचारांशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या दिनक्रमात झेपेल अशा कृती परत आणण्यावर भर होता : शेजाऱ्याकडे जाणे, सोडून दिलेले काम थोडे हाती घेणे, अडचणीचा एक तुकडा सोडवणे. तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. त्याखेरीज इतर सुधारित उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. ‘लॅन्सेट’ने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या निष्कर्षांचा पाठपुरावा केला असता वर्षभरानंतरही लाभ टिकून असल्याचे दिसले.

बंगळूरुच्या ‘निमहान्स’ने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या मनोविकारांमध्ये उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी समुपदेशन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर मराठीसह विविध भारतीय भाषांत ती उपलब्ध आहे.