गाडीचे तेल आणि मोजण्याची काठी

बैलगाडीच्या आसाजवळ लटकणारी ओंगणाची नळी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिली असेल. चाक करकरू लागले की गाडीवान खाली उतरे, नळीत बुडवलेली काडी बाहेर काढी आणि तेल-काजळीचे ते काळे, चिकट मिश्रण आसाला फासून पुन्हा जुवाजवळ जाऊन बसे. ओंगण किती घालावे याचे माप कोणी ठेवलेले नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. कमी पडले तर चाक स्वतःच ओरडून सांगे. जास्त झाले तर ते धुळीत गळून जाई. जास्त ओंगण घातल्याने गाडी बिघडली, अशी तक्रार कोणा गाडीवानाने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मोटारगाडीची गोष्ट निराळी आहे. तिच्या यंत्रात तेल कमी पडले तर ते बिघडते आणि जास्त झाले तरीही बिघडते. पहिली गोष्ट सर्वांना ठाऊक असते. दुसरी सांगितली तर भलेभले गाडीमालक अविश्वासाने पाहतात. वंगणाच्या इतिहासात ही दुसरी भीती शिरली तरी केव्हा, त्याचा शोध आज घ्यावयाचा आहे.

अगदी पहिल्या मोटारींना ती ठाऊक नव्हती. कार्ल बेंझची तीनचाकी 1886 सालची. त्या गाडीत आणि पुढची कित्येक वर्षे निघालेल्या गाड्यांत तेल थेंबाथेंबाने सोडले जाई. चालकासमोरच्या फळीवर पितळी तेलपात्र असे, त्याला काचेच्या नळ्या असत आणि त्यांतून पडणारे थेंब मोजून चालकाने चकती फिरवावयाची असे. चढ लागला की थेंब वाढवावयाचे, उतार लागला की कमी करावयाचे. एकदा आत गेलेले तेल परत येत नसे. थोडे जळे, थोडे रस्त्यावर सांडे. थोडक्यात, ही ओंगणाचीच पद्धत होती, फक्त नळी बांबूची नसून पितळेची होती.

या जातीची शेवटची प्रसिद्ध यंत्रे पहिल्या महायुद्धातील विमानांत होती. त्यांतील काही यंत्रांचे सिलिंडर पंख्यासह गरगर फिरत. त्यांना लागे एरंडेल तेल, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. वापरलेले एरंडेल धुराबरोबर मागे, वैमानिकाच्या तोंडावर येई. त्याचा परिणाम काय होत असे, ते मराठी श्रोत्यांना विस्ताराने सांगण्याचे कारण नाही.

परंतु हे तेल यंत्रात नेमके करते काय? पूर्वी सर्वसाधारण समजूत अशी होती की तेलाने पृष्ठभाग बुळबुळीत होतो आणि घर्षण कमी होते. या समजुतीला धक्का दिला तो लाकडाच्या एका खुंटीने. 1883 साली इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हे अभियंते यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी आसांवरील घर्षणाचे प्रयोग करीत होते. फिरणाऱ्या आसावरच्या बेअरिंगच्या माथ्याला त्यांनी तेल घालण्यासाठी भोक पाडले होते. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. टॉवर यांनी तेथे बूच बसवले. ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकून बाहेर पडली. अखेर त्यांनी दाबमापक लावला, तेव्हा त्याचा काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पलीकडे गेला. आसावर घातलेल्या भाराची सरासरी मात्र 100 पौंडांच्या आसपास होती. पुढे 1886 साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याची गणिती उपपत्ती मांडली. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून एका निमुळत्या फटीत कोंबतो, तेथे दाब निर्माण होतो आणि त्या दाबावर आस अक्षरशः तरंगतो. धातूला धातू लागतच नाही.

ही खुंटीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आसाला तारणारा तेलाचा थर केसाहूनही पातळ असतो. त्याला तेल अखंड मिळाले पाहिजे, त्यात हवा मिसळलेली नसली पाहिजे. पण ते फार लागत नाही. मग रस्त्यावर सांडून देण्यापेक्षा तेच तेल पुन्हापुन्हा का वापरू नये? 1890 साली बर्मिंगहॅमच्या बेलिस आणि मॉरकॉम यांच्या कारखान्यातील ए. सी. पेन यांनी वाफेच्या वेगवान यंत्रांसाठी पंपाने दाब देऊन तेल फिरवण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. मोटारीतही यंत्राच्या पोटाशी बंद तेलपात्र आले. आपले मिस्त्री त्याला ‘चेंबर’ म्हणतात. काही गाड्यांत पंप होता. काहींत क्रँकशाफ्टबरोबर फिरणारे दांडे तेलात बुडून ते चहूकडे उडवीत.

तेल बंद पात्रात कोंडले गेले आणि जास्त झालेल्या तेलाची वाट बुजली. ते गळून जाईना. ज्या भीतीचा उगम आपण शोधत होतो, ती येथे जन्मली. आत किती तेल आहे हे दिसेनासे झाले आणि ते जाणून घेणे मात्र अगत्याचे झाले.

हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ गाडीत यावर काढलेला उपाय मोठा साधा होता. 1908 ते 1927 या काळात दीड कोटींच्या घरात विकल्या गेलेल्या या गाडीला तेलाचा पंप नव्हता. गतिचक्र तेल वर उडवी आणि एक नळी त्यातले काही पुढच्या भागाकडे नेई. पातळी पाहण्यासाठी यंत्राच्या खालच्या अंगाला, एकाखाली एक, अशा दोन तोट्या होत्या. खालची उघडल्यावर तेल आले नाही तर तेल कमी. वरची उघडल्यावर आले तर जास्त. दोहोंच्या मध्ये पातळी असावी, एवढाच नियम. याला मापक म्हणण्यापेक्षा साक्षीदार म्हणणे शोभेल. आणि एक गुण असा, की वरची तोटी उघडी ठेवली की जास्तीचे तेल तीतून आपोआप वाहून जाई. परीक्षा आणि उपाय एकाच ठिकाणी होत. गैरसोय एवढीच, की त्यासाठी मालकाला धुळीत गाडीखाली शिरावे लागे. 1927 च्या अखेरीस आलेल्या ‘मॉडेल ए’मध्ये तोट्या गेल्या आणि वरून ओढून पाहण्याची खुणांची काठी आली. हिलाच आपण डिपस्टिक म्हणतो. गॅरेजात तिचे नाव नुसते ‘गेज’.

काठीने द्रव मोजण्याची कला मात्र मोटारीहून फार जुनी आहे. ज्योतिषशास्त्रज्ञ योहान केप्लर यांनी 1613 साली दुसऱ्या लग्नाच्या सुमारास ऑस्ट्रियातील लिंझ येथे दारूची पिंपे विकत घेतली. विक्रेत्याने पिंपाच्या भोकातून तिरपी काठी घातली आणि तेवढ्यावरून दारू किती ते सांगून टाकले. ग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या माणसाला हा हिशेब खटकल्याशिवाय कसा राहील? दोन पिंपांत काठी सारखीच बुडेल, पण त्यांचे आकार निराळे असतील तर दारू सारखी कशी असेल? या शंकेतून त्यांनी पिंपांच्या घनफळावर अख्खा ग्रंथ लिहिला. तो 1615 साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रियातील पिंपांची घडण ठराविक प्रमाणात असल्यामुळे तेथे तरी काठी फारशी चुकत नाही, असा निर्वाळाही त्यांनी दिला.

केप्लर यांची शंका मोटारीच्या काठीलाही लागू आहे. काठी उंची मोजते; आपण तिला परिमाण समजतो. चेंबरचा आकार कारखान्यात ठरलेला असतो, म्हणून खुणा खऱ्या ठरतात. पण गाडी सपाट जागी उभी असेल तरच. चेंबर चाळीस सेंटीमीटर लांब आहे आणि रस्त्याला विसात एक इतका चढ आहे असे धरा. तेलाच्या दोन टोकांत दोन सेंटीमीटरांचा फरक पडतो. काठी टोकाला असेल तर ती एक सेंटीमीटर खोटे बोलणार. आणि काठीवरच्या दोन खुणांतले अंतरच पुष्कळदा दीड-दोन सेंटीमीटर असते.

दुसरी गोष्ट वेळेची. यंत्र चालू असताना बरेचसे तेल वरच्या भागात फिरत असते. बंद केल्याबरोबर पाहिले तर ते खाली उतरलेले नसते, काठी कमी दाखवते आणि माणूस घाबरून भर घालतो. म्हणून यंत्र गरम झाल्यावर बंद करावे आणि पाच ते दहा मिनिटे थांबावे. तिसरी गोष्ट उष्णतेची. चार लिटर तेल साठ अंशांनी तापले तर सुमारे दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटर फुगते. तेव्हा थंड आणि गरम वाचनांची तुलना करू नये. काठी प्रथम ओढाल ते वाचन सोडून द्यावे. ती सुती धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसावी, पुरती आत बसवावी आणि मग काढून पाहावी. दोन्ही बाजू पाहाव्यात. नळीच्या भिंतीला लागलेले तेल एका बाजूस खोटी उंची दाखवते, म्हणून जी बाजू कमी दाखवील तिच्यावर विश्वास ठेवावा. काही यंत्रांचा नियम उलटा असतो. पोर्शच्या जुन्या, हवेने थंड होणाऱ्या 911 गाडीत तेल निराळ्या टाकीत राही आणि ते यंत्र गरम व चालू असतानाच पाहावे लागे. गाडीसोबतची पुस्तिका वाचावी ती याचसाठी.

आता जास्तीच्या तेलाकडे वळू. लोकांना वाटते, चार घोट जास्त असले तर यंत्राचे भलेच होईल. वास्तविक पातळी फार वर गेली की क्रँकशाफ्टची वजने तेलात बुडतात आणि मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने ते घुसळून काढतात. ताकावर यावा तसा फेस येतो. पंप तो फेस ओढतो. आणि टॉवर यांच्या खुंटीला वर ढकलणारा तो दाब फेसातून उभा राहत नाही, कारण हवा दाबली की दबते. म्हणजे तेल जास्त असूनही बेअरिंगला ते कमी पडते! शिवाय उरलेले तेल श्वासनळीतून सिलिंडरकडे जाते, मागून निळा धूर निघतो, प्लग काळे होतात, सीलमधून गळती लागते. डिझेल यंत्रात तर असे आत गेलेले तेलच इंधन होऊन यंत्र आटोक्याबाहेर धावण्याचा धोका असतो.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी पुण्याहून कोल्हापूरला निघण्याच्या आदल्या दिवशी एका गॅरेजात गाडीचे तेल बदलून घेतले. तेथल्या मुलाने चार लिटरचा डबा फोडला आणि अख्खा ओतला. यंत्राला साडेतीन लिटर पुरे होते. त्यात फिल्टर बदललेला नव्हता आणि जुने तेल तळाशी राहिलेले होते. डब्याचे माप यंत्राचे माप ठरवीत होते. खंबाटकीच्या चढावर मागच्या गाडीवाल्याने दिवे लुकलुकवून खूण केली, तेव्हा आरशात निळ्या धुराखेरीज काही दिसत नव्हते.

घाटापलीकडे एका टपरीवजा गॅरेजात एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनी काठी काढून एकदाच पाहिली आणि म्हणाले, “साहेब, तुमची गाडी उपाशी नाही, अजीर्ण झालंय तिला.” चेंबरचा नट सैल करून तेल सोडावे, असे मी सुचवले. त्यांनी मान हलवली. गरम तेल धारेने येते, हात भाजतो आणि पाहिजे तेथे थांबत नाही, हे त्यांचे म्हणणे. त्यांनी गाडी सपाटीवर घेतली, यंत्र निवू दिले, काठीच्या नळीतून सलाइनची बारीक नळी खाली सोडली आणि मोठ्या सिरिंजने तेल ओढू लागले. दर दोनशे मिलिलिटरनंतर ते थांबत, काठी पुसत, पुन्हा पाहत. पाऊण लिटरच्या आसपास तेल निघाले तेव्हा पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आली. काढलेले तेल त्यांनी बाटलीत भरून बूच लावले; गटारात ओतले नाही, याची येथे आवर्जून नोंद करतो. काठीवर रेघभर जास्त दिसले तर एवढा खटाटोप नको; पण अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक जास्त असेल तर यंत्र सुरूच करू नये, असेही त्यांनी बजावले.

कधीकधी मात्र कोणी काही न ओतताच पातळी वाढते. 1910 ते 1930 या काळात पेट्रोलची मागणी वाढली, तेव्हा त्यात जडसर अंश येऊ लागला. थंडीत तो न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळे आणि तेलात मिसळे. काठी पाहणाऱ्याला वाटे, आपली गाडी तेल मुळीच खात नाही. प्रत्यक्षात तेल पातळ होऊन बेअरिंग झिजत असे. हाच प्रकार आज निराळ्या कारणाने परतला आहे. एप्रिल 2020 पासून आपल्याकडे लागू झालेल्या नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती जाळून साफ करण्यासाठी कित्येक गाड्यांत जादा इंधन सोडले जाते. गाडी रोज चार किलोमीटरच धावत असेल तर ही सफाई अर्धवट राहते आणि इंधन तेलात उतरते. अशा वेळी जास्तीचे तेल काढून भागत नाही. सगळेच बदलावे लागते. काठीचा वास घेतल्यास डिझेल ओळखू येते.

ही काठीच आता कित्येक नव्या जर्मन गाड्यांतून नाहीशी झाली आहे. पातळी पडद्यावर आकड्यांनी किंवा पट्टीने दिसते. संवेदक पातळी सांगतो. वास सांगत नाही. त्या मिस्त्रींनी माझी काठी परत बसवण्यापूर्वी तिचे टोक नाकाशी नेले होते, दोन बोटांत तेल चोळून पाहिले होते, आणि मगच पैसे किती ते सांगितले होते.