पगारपत्रकातली एक ओळ

आपल्या वार्षिक सभेत मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला की दोन तट पडतातच. वॉचमनचा पगार, लिफ्टचं वीजबिल, पाणीपट्टी सगळंच वाढलंय, असं खजिनदार सांगतात. मागच्या रांगेतून उत्तर येतं, "अहो, पण आमच्या ठेवींवरचं व्याज कुठे वाढलंय?" खरं दोघांचंही असतं. पंचवीस वर्षं हा वाद ऐकतोय आणि दर वेळी मला १९७२ ते १९७५ चा काळ आठवतो. तेव्हा हाच वाद सगळ्या देशात पेटला होता.

१९७२ साली महाराष्ट्रात पावसाने दगा दिला. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळू लागला. त्याची भाकरी ज्यांनी खाल्लीय त्यांना वेगळं सांगायला नको! तेल, साखर, रॉकेल, कशासाठीही रांग. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते पक्षभेद बाजूला ठेवून एकत्र आल्या आणि महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. लाटणे मोर्चा तो यांचाच. स्वयंपाकघरातली बाई लाटणं घेऊन थेट सरकारला हिशेब विचारायला निघाली.

त्यात ऑक्टोबर १९७३ चं अरब-इस्रायल युद्ध झालं. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेलं खनिज तेल काही महिन्यांत ११ डॉलरच्या वर गेलं. आपल्याकडे घाऊक भाव १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्के आणि पुढच्या वर्षी सुमारे २५ टक्के चढले. म्हणजे शंभराची वस्तू दोन वर्षांत दीडशेला.

नोकरदाराला महागाई भत्ता होता, पण तो निर्देशांकाच्या मागून चालतो. भाव आधी वाढतात, भत्ता नंतर हातात पडतो, आणि मधले महिने वाण्याच्या उधारीवर. हातगाडीवाल्याला, घरकाम करणाऱ्या बाईला तर भत्ताच नाही. मे १९७४ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली रेल्वे कामगारांनी बोनस आणि पगारवाढीसाठी देशव्यापी संप केला. सरकारने धरपकड करून तो मोडला. सरकारचीही अडचण होती. रेल्वेला दिलं की बाकीचे कर्मचारी मागणार, तिजोरी अपुरी पडणार, मग नोटा छापायच्या आणि भाव पुन्हा वर. संसारात निदान नोटा छापायची सोय नसते, एवढाच फरक.

जुलै १९७४ मध्ये वटहुकूम निघाला. नव्याने वाढणाऱ्या महागाई भत्त्यापैकी निम्मी रक्कम हातात न देता सक्तीने ठेव म्हणून ठेवायची, नंतर हप्त्यांनी व्याजासह परत. बाजारात पैसा कमी यावा हा हेतू. शास्त्र म्हणून बरोबर असेल, पण ज्याच्या घरी महिन्याच्या वीस तारखेला डबे रिकामे, त्याला व्याजासहित परतीचं काय कौतुक? गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात यशवंतराव चव्हाणांनी प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्क्यांवरून ७७ वर आणला होता. शंभरातले सव्वादोन रुपयेच हाती राहणार असतील तर उत्पन्न दाखवणार कोण, हे त्यामागचं कारण. तेही पटण्यासारखंच, पण दोन्ही गोष्टी एकाच वर्षी झाल्यामुळे पगारदाराच्या मनात सल राहिला तो राहिलाच.

दुष्काळातल्या कामांतून महाराष्ट्राने मात्र एक वेगळा मार्ग काढला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवायची तर पैसा हवा. त्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. शहरातल्या पगारातून कापायचा, सरकारने तेवढीच भर घालायची आणि गावात काम मागणाऱ्याला मजुरी द्यायची. १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला, तेव्हा समोर नमुना होता तो हाच.

आपल्या पगारपत्रकात 'पी. टी.' म्हणून कापले जातात ते हेच पैसे. महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. राज्यघटनेने या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ मध्ये ती २,५०० झाली. त्यानंतर मेंटेनन्स वाढला, भत्ते वाढले, वॉचमनचा पगारही वाढला. ती मर्यादा मात्र अजून २,५०० वरच आहे.