पश्चनासाद्वाररोध, जन्मजात

नाकाची पोकळी मागे घशात जिथे उघडते, ते द्वार जन्मतःच हाडाने किंवा हाड व पडदा मिळून बंद असण्याची विकृती. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘कोएनल अट्रेझिया’. साधारण ७ ते ८ हजार जन्मांमागे एक, मुलींत अधिक. बहुतेकदा एकच बाजू बंद असते.

नवजात बाळ पहिले काही आठवडे मुख्यतः नाकानेच श्वास घेते, म्हणून दोन्ही द्वारे बंद असली तर जन्मल्या क्षणापासून जिवावर बेतते. बाळ निळे पडते, छाती आत ओढली जाते. रडू लागले की तोंड उघडते, हवा मिळते, रंग गुलाबी होतो; रडे थांबले की पुन्हा निळे. एरवी बाळ गप्प झाले की घरच्यांना हायसे वाटते, इथे मात्र तेच धोक्याचे लक्षण. दूध पाजायला घेतले की जीव घुसमटतो.

निदानाची पहिली पायरी अगदी साधी आहे. ६ किंवा ८ नंबरची मऊ नळी नाकपुडीतून आत सरकवायची. ती ३ ते साडेतीन सेंटिमीटरवर अडली की संशय बळावतो. ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात हाताशी असायलाच हवी. सीटी स्कॅनने अडथळ्याचे स्वरूप कळते. तोवर तोंडात हवानळी बसवून श्वास चालू ठेवतात आणि दूध नळीने पोटात देतात.

एकाच बाजूचा रोध वर्षानुवर्षे लपून राहतो. एका नाकपुडीतून सतत चिकट शेंबूड वाहतो आणि मुलाला सर्दीची औषधे मिळत राहतात. दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या तपासल्या तर हा वनवास टळतो.

अनेक बाळांत इतर विकृतीही असतात. डोळे, हृदय, कान, वाढ व जननेंद्रिये यांच्या दोषांसह आढळणाऱ्या ‘चार्ज’ लक्षणसमूहाशी सीएचडी७ या जनुकाचा संबंध २००४ मध्ये उघड झाला. त्यामुळे नाक मोकळे करून भागत नाही. हृदयाची सोनोग्राफी, डोळे व श्रवण यांची तपासणी आवश्यक ठरते.

कार्ल एमर्ट यांनी १८५४ मध्ये नाकावाटे हा रोध भेदल्याची नोंद आहे. आज दुर्बिणीतून अडथळा काढतात, नाकाच्या पडद्याचा मागचा भागही थोडा कापतात. तरीही द्वार पुन्हा आकसू शकते. ते पुन्हा रुंदावण्याची वेळ येऊ शकते, हे पालकांना पहिल्या शस्त्रक्रियेआधीच सांगावे.