पिस्तुलं वेशीवर ठेवा!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिका म्हटलं, की कमरेला पिस्तूल लटकावलेला काऊबॉय डोळ्यांपुढे उभा राहतो. जॉन वेन आणि क्लिंट ईस्टवुड यांच्या चित्रपटांनी तो आपल्या थेटरांतही आणून सोडला. 'तिथं पहिल्यापासून ज्याच्या त्याच्या हाती बंदूक. त्यांचा स्वभावच तो,' असं आपण म्हणून टाकतो. पुष्कळ अमेरिकन माणसंही असंच म्हणतात. पण जुने कायदे आणि कागदपत्रं पाहू लागलं, की निराळंच चित्र दिसतं. आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

आधी आकडे पाहू. जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७ साली अमेरिकेतल्या सामान्य नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या. लोकसंख्या साडेबत्तीस कोटींच्या आसपास. म्हणजे तान्ही बाळं धरूनही माणसांपेक्षा बंदुका जास्त! पण 'प्यू' या संशोधन संस्थेच्या २०२३च्या पाहणीत स्वतःची बंदूक असल्याचं सांगणारे प्रौढ निघाले शेकडा ३२. तीन माणसांतल्या दोघांकडे स्वतःची बंदूकच नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांतल्या अनेकांकडे मात्र एकीवर भागलेलं नाही.

या साऱ्याच्या मुळाशी सांगितली जाते, ती अमेरिकेच्या राज्यघटनेतली १७९१ सालची दुसरी दुरुस्ती. सारी मिळून एकच वाक्य. त्याच्या पूर्वार्धात स्वतंत्र राज्याच्या रक्षणासाठी सुव्यवस्थित लोकसेना आवश्यक असल्याचं म्हटलं आहे. उत्तरार्धात लोकांच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर गदा येऊ नये, असं. या दोन अर्ध्यांची सांगड कशी घालायची, यावर वाद अजून चालू आहे.

पण लगेच पुढच्या वर्षी, १७९२ साली, झालेला कायदा पाहा. १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुषाने लोकसेनेत नाव नोंदवायचं. बंदूक, संगीन, चकमकीचे दोन जादा दगड आणि किमान २४ काडतुसं मावतील असा बटवा, हे सगळं त्याने पदरमोड करून आणायचं. मग कवायत, मग तपासणी. म्हणजे ही बंदूक हौसेची नव्हती. ती बरीचशी वेठीसारखी होती. आणि 'गोऱ्या' हा शब्दही नजरेआड करू नका. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसाच्या हाती शस्त्र लागू नये, म्हणून वेगळे कायदे होते.

आता चित्रपटांतल्या त्या पश्चिमेकडे वळू. कॅन्सस राज्यातलं डॉज सिटी हे गुरांच्या बाजाराचं गाव. टेक्सासहून गुरांचे कळप हाकत काऊबॉय तिथं यायचे. १८७०च्या दशकाच्या अखेरचं तिथल्या मुख्य रस्त्याचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. रस्त्यात लाकडी फलक उभा आहे. त्यावर एका कडू औषधाची जाहिरात, आणि तिच्याच सोबत ठळक सूचना: गावात बंदुका बाळगण्यास सक्त मनाई! आलेल्या माणसाने पिस्तूल जमा करायचं, जाताना परत न्यायचं. आपल्या भाषेत सांगायचं, तर पिस्तूल वेशीवर ठेवा आणि मग गावात या.

ॲरिझोनातल्या टूमस्टोनमध्येही असाच नियम होता. १८८१च्या एप्रिलमध्ये केलेला नियम क्रमांक ९. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला तिथं 'ओके कोरल'ची चकमक झडली. तीस सेकंदांचा मामला, तीन माणसं ठार, आणि त्यावर चित्रपट किती निघाले याला गणतीच नाही. पण ती चकमक झाली कशावरून? त्याच दिवशी आइक क्लँटन नावाच्या माणसाला हत्यार बाळगल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला होता. पुढे मार्शल व्हर्जिल अर्प आपले भाऊ आणि मित्र घेऊन निघाला, तो क्लँटनच्या साथीदारांची हत्यारं काढून घ्यायला. बंदूकस्वातंत्र्याचं प्रतीक बनलेली ही चकमक मुळात बंदूकबंदीच्या अंमलबजावणीतून उडालेली होती! चित्रपट पाहताना हे कुणाच्या ध्यानात राहतं?

आता 'नॅशनल रायफल असोसिएशन'. बंदूकवाल्यांची ही बलाढ्य संघटना १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. संस्थापक होते यादवी युद्धातले उत्तरेकडचे दोन अधिकारी. सैनिकांचा नेम धड लागत नाही, हे त्यांचं दुखणं. तेव्हा नेमबाजी शिकवणं, हे काम. १९३४ साली टोळीयुद्धांना आळा घालण्यासाठी मशीनगनवर २०० डॉलरचा जबर कर बसवणारा कायदा होत होता. त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष होते कार्ल फ्रेडरिक, १९२०च्या ऑलिंपिकमधले पिस्तूल नेमबाजीचे सुवर्णपदकविजेते. संसदेच्या समितीपुढे त्यांनी सांगितलं, की सरसकट सगळ्यांनी पिस्तुलं घेऊन हिंडावं हे मला मान्य नाही. त्यावर कडक बंधनं हवीत, परवाना हवा.

१९६३ साली अध्यक्ष केनेडींची हत्या झाली. मारेकऱ्याने रायफल मागवली होती टपालाने, या संघटनेच्याच मासिकातल्या जाहिरातीचं कूपन भरून, खोट्या नावावर. किंमत १९ डॉलर ९५ सेंट, दुर्बिणीसकट. त्यानंतर टपालाने बंदुका विकण्यावर बंदी घालण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा संघटनेच्या पदाधिकाऱ्याने तिला पाठिंबाच दिला. तशी बंदी यायला मात्र १९६८ साल उजाडलं. तोवर मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचेही बळी गेले होते.

मधल्या काळात, मे १९६७ मध्ये, 'ब्लॅक पँथर' संघटनेचे काळे तरुण भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. भररस्त्यात भरलेली बंदूक बाळगायला मनाई करणाऱ्या विधेयकाचा त्यांना निषेध करायचा होता. त्यामुळे ते विधेयक उलट झपाट्याने पुढे सरकलं. त्या कायद्यावर सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. पुढे हेच रेगन बंदूकवाल्यांचे लाडके अध्यक्ष झाले. बंदूक कुणाच्या हाती आहे, यावर कायद्याचा सूर कसा बदलतो, ते यात दिसतं.

खरा पालट झाला १९७७ साली. सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत जहाल सभासदांनी रायफल असोसिएशनची जुनी नेतेमंडळी रातोरात खाली खेचली. तिथून पुढे नेमबाजी मागे पडली आणि 'हक्क' पुढे आला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क आहे. लोकसेनेशी संबंध असण्याची गरज नाही. दुरुस्ती झाल्यावर २१७ वर्षांनी!

हा प्रश्न आपल्या घटना समितीपुढेही आला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इंग्रजांच्या १८७८च्या शस्त्र कायद्याची चीड असल्यामुळे काँग्रेसच्या १९३१च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या अधीन राहून, मान्य केलेला होता. डिसेंबर १९४८ मध्ये हरी विष्णू कामथ यांनी त्याच आशयाची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परकी सरकारने निःशस्त्र केलेल्या लोकांची ती मागणी होती. आता परिस्थिती बदलली आहे, असं त्यांचं म्हणणं. आग्रह धरायचाच, तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, कर्तव्याचा धरा, असंही ते म्हणाले. १७९२चा तो अमेरिकन कायदा आठवा. तो कर्तव्याचाच होता.

हे जुनं कशाला उकरायचं, असं कुणी विचारील. कारण २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घातला, की बंदुकीवरचं कुठलंही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसायला हवं. म्हणजे आता इतिहासच न्यायालयात उभा आहे. पश्चिमेकडच्या प्रदेशांतले जुने नियम बहुमताने अल्पकाळचे अपवाद म्हणून बाजूला सारले. पुढे २०२४ साली प्रश्न आला: बायकोला, मैत्रिणीला मारहाण करू नये असा न्यायालयाचा आदेश ज्याच्यावर आहे, त्याला बंदूक बाळगू द्यायची का? तेव्हा न्यायमूर्तींनी शांतता राखण्यासाठी जामीन घेण्याचे जुने कायदे धुंडाळले आणि आठ विरुद्ध एक मतांनी बंदी उचलून धरली. अशा एखाद्या बाईचा जीव दोनशे वर्षांपूर्वीच्या दप्तरावर अवलंबून होता.

२०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांतली २६,३२८ स्वतःच्याच हाताने. ती ना चकमकीत मेली, ना दरोडेखोराशी झुंजताना. त्यांच्या घरात बंदूक कशी आली आणि ती कुणी अडवू शकलं असतं का, याचा निवाडा आता टूमस्टोनचा नियम अपवाद होता की रीत होती, असल्या प्रश्नांवरून व्हायचा आहे. म्हणून तो फलक आणि तो २५ डॉलरचा दंड नीट नोंदलेला असणं मला फार मोलाचं वाटतं.